ऐकणाऱ्याचा अधिकार, सांगणाऱ्याची साक्ष

येशू ख्रिस्ताचे जीवन, क्रूसावरील मरण आणि पुनरुत्थान यांतून देवाने मानवाला आपल्याशी पुन्हा जोडून घेतले, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती श्रद्धा असून मराठी ख्रिस्ती समाज तिलाच शुभवर्तमान किंवा सुवार्ता म्हणतो. ही श्रद्धा ज्याने अंगीकारली त्याने ती स्वतःपुरती ठेवू नये, अशी अपेक्षा या धर्मात आरंभापासून आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित येशू गालीलातील एका डोंगरावर आपल्या शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाण्याची, लोकांना शिष्य करण्याची आणि बाप्तिस्मा म्हणजे पाण्याची दीक्षा देण्याची जी आज्ञा करतो, तिला ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ‘महान आज्ञा’ असे नाव पडले आहे. ख्रिस्तेतर वाचकाच्या मनात मात्र ‘मिशनरी’ हा शब्द ऐकताच एकीकडे मिरजेच्या वानलेस रुग्णालयासारख्या संस्था उभ्या राहतात आणि दुसरीकडे धर्मांतराविषयीची शंका. या दोन्हींना इतिहासात आधार आहे. पण ज्याच्यावर ही आज्ञा पाळण्याची जबाबदारी आहे तो स्वतः तिचा अर्थ कसा लावतो, हे त्यांतून कळत नाही, आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हा अर्थ इतका बदलला आहे की तो समजून घेतल्याविना आजच्या ख्रिस्ती समाजाविषयी काही बोलणे अपुरे ठरते.

महान आज्ञा हा या जाणिवेचा एकमेव आधार नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात येशू शिष्यांना आपले साक्षी म्हणतो, आणि ‘साक्ष देणे’ हा शब्दप्रयोग मराठी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात आजही रोजचा आहे: आपल्या आयुष्यात देवाने काय केले, ते चारचौघांत उभे राहून सांगणे. साक्षीदार जे पाहिले ते सांगतो. ते मानावे की न मानावे याचा निर्णय त्याच्या हाती नसतो. प्रेषित पौलाला सुवार्ता सांगणे ही आपल्यावर येऊन पडलेली अपरिहार्य जबाबदारी वाटते, तर पेत्राच्या पहिल्या पत्रात, तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर देण्यास सिद्ध असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असा उपदेश आहे. या वचनांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्यामानाने ज्या प्रसंगांकडे कमी लक्ष गेले, ते येशूच्या स्वतःच्या वागण्यातले आहेत. श्रीमंत तरुण त्याचे म्हणणे ऐकून खिन्न होऊन निघून जातो, तेव्हा येशू त्याच्या मागे जात नाही आणि अटही सैल करत नाही. शिष्यांना गावोगाव धाडताना तो सांगतो की जिथे स्वागत होणार नाही तिथून पायांची धूळ झटकून पुढे निघा. योहानाच्या शुभवर्तमानात तर त्याची शिकवण जड वाटून अनेक अनुयायी त्याला सोडून जातात, आणि तो उरलेल्या बारा जणांनाही, तुम्हालाही जायचे आहे का, असे विचारतो. सांगण्याची आज्ञा जितकी स्पष्ट आहे तितकेच ऐकणाऱ्याच्या नकाराचे स्वातंत्र्यही या कथांमध्ये स्पष्ट आहे, आणि ख्रिस्ती मिशनचा पुढचा इतिहास बऱ्याच अंशी हे दुसरे सूत्र विसरण्याचा आणि पुन्हा शोधून काढण्याचा इतिहास आहे.

विसर पडल्याचे उदाहरण शोधण्यास मराठी-कोकणी वाचकाला दूर जावे लागत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगालच्या राजाला पोपकडून ‘पाद्रोआदो’ म्हणजे आपल्या अमलाखालील प्रदेशांत धर्मकार्याचे आश्रयदातेपण मिळाले होते, त्यामुळे गोव्यात राज्यसत्ता आणि धर्मप्रसार एकमेकांत गुंतले. देवळे पाडली गेली, १५६० मध्ये धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन आले, आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंची हत्या व तिचा सूड या घटनांपर्यंत हा संघर्ष पोहोचला. त्याच भूमीत १५७९ मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी भाषा जीव ओतून आत्मसात केली आणि ओवीछंदात ‘क्रिस्तपुराण’ रचले, जे १६१६ मध्ये छापले गेले. सक्तीची राजवट आणि ऐकणाऱ्याच्या भाषेवरचे हे प्रेम एकाच काळात, एकाच संस्थेच्या छायेत नांदले, आणि दोन्ही गोष्टी एकत्र डोळ्यांसमोर ठेवण्यातच या इतिहासाला न्याय मिळतो.

प्रोटेस्टंट पंथीयांमध्ये, म्हणजे सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर पोपच्या अधिकारापासून वेगळ्या झालेल्या मंडळ्यांमध्ये, दीर्घकाळ वेगळीच अडचण होती: महान आज्ञा पहिल्या प्रेषितांपुरती होती आणि त्यांनी ती पूर्ण केली, असे तेथील अनेक धर्मपंडितांना वाटे. विल्यम कॅरी या इंग्रज पाळकाने १७९२ मध्ये एका पुस्तिकेतून, ही आज्ञा आजही लागू आहे, असा युक्तिवाद केला आणि पुढच्याच वर्षी तो बंगालमध्ये दाखल झाला. त्याच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले, १८४२ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. या काळातील मिशनरी वाङ्मयात हिंदू धर्मावर कठोर, पुष्कळदा अन्यायकारक टीका होती, आणि तिला तितक्याच ठामपणे उत्तरही मिळाले; १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद केले, ही महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातील मोलाची घटना होय, कारण तिथे प्रश्नाला प्रश्न आणि युक्तिवादाला युक्तिवाद भिडला.

सेवा आणि सुवार्ता यांचे नाते काय असावे, हा आजही धगधगणारा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत तीव्रतेने मांडला गेला तो पंडिता रमाबाईंच्या निमित्ताने. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तेथील चर्चने शिकवलेली सगळी मते निमूट स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. आपल्या विवेकबुद्धीचा कौल आपणच घेणार, ही त्यांची भूमिका त्यांच्या त्या काळातील पत्रव्यवहारात पानोपानी दिसते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले आणि लवकरच ते पुण्याला नेले. अमेरिकेतून मिळणाऱ्या मदतीची अट अशी होती की संस्थेत धर्मशिक्षण दिले जाऊ नये. रमाबाई वर्गात धर्म शिकवत नसत, मात्र स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार बंद करून घेत नसत आणि ज्या मुलींना त्यात येऊन बसावेसे वाटे त्यांना अडवत नसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले, रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आश्रयाला आलेल्या, समाजाने टाकलेल्या विधवेचे स्वातंत्र्य कितपत खरे असते, हा टीकाकारांचा प्रश्न रास्त होता. आणि सेवा करणाऱ्या व्यक्तीने आपली श्रद्धा लपवून ठेवावी काय, हा रमाबाईंचा प्रश्नही तितकाच रास्त होता. पुढे केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभारले ते उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून, आणि हा उघडपणा प्रामाणिकपणाचाच भाग मानायला हवा, कारण येणाऱ्याला आपण कोठे येत आहोत हे तेथे ठाऊक असे.

नारायण वामन टिळक यांच्या वाटचालीत आणखी एक पैलू पुढे येतो. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर या कवीचे बरेचसे आयुष्य अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत गेले, पण परदेशी वेशात आणि परक्या चालीत आलेला ख्रिस्त आपल्या माणसांच्या हृदयाला भिडत नाही, ही खंत त्यांना सतत जाळत राहिली, आणि म्हणून त्यांनी अभंग, पदे आणि कीर्तन यांना उपासनेत स्थान मिळवून दिले. त्यांची गीते मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात आजही मोठ्या संख्येने गायली जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई प्रदीर्घ ताटातुटीनंतर त्यांच्याकडे नगरला आल्या तेव्हा त्यांचे सोवळे-ओवळे पाळण्यास मुभा होती, आणि त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनातील जातिभेद स्वतःच तपासून घेतल्यावर. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र त्या बदलाचा विलक्षण दस्तऐवज आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बंधुभावाने एकत्र यावेत अशी कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण पगार, इमारती आणि परदेशी मंडळांचे निर्णय यांच्याबाहेर सुवार्तेला जागा असावी, हा त्यांचा आग्रह काळाच्या पुढचा होता.

जगाच्या पातळीवर हीच जाणीव हळूहळू आणि पुष्कळदा धक्के खातच आली. १९१० मध्ये एडिंबरा येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेला सुमारे १२०० प्रतिनिधी जमले, त्यांत आशिया-आफ्रिकेतील मंडळ्यांचे लोक जेमतेम विसाच्या आसपास होते. त्यांपैकी एक, तामिळनाडूतील वेदनायगम सॅम्युएल अझरिया, यांनी व्यासपीठावरून सांगितले की मिशनऱ्यांनी पुष्कळ त्याग केला आहे, पण आम्हाला त्यांच्याकडून मैत्री हवी आहे. सभेतील अनेकांना ते बोल झोंबले. त्यानंतर चारच वर्षांत ख्रिस्ती म्हणवणारी युरोपीय राष्ट्रे एकमेकांवर तोफा डागू लागली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर चीनमधून मिशनऱ्यांना बाहेर पडावे लागले, तेव्हा पाश्चात्त्य मंडळ्यांचा आत्मविश्वास मुळापासून हादरला. १९५२ मध्ये जर्मनीतील विलिंगेन येथे झालेल्या परिषदेतून जो विचार रुजला त्याला ‘देवाचे मिशन’ असे म्हणतात: जगात प्रेमाचे आणि न्यायाचे कार्य देव स्वतः करतो आहे, चर्च त्या कार्याचे मालक नसून त्यात सहभागी होणारे सेवक आहे. वरवर हा तात्त्विक बारकावा वाटेल. परंतु परिणाम देवाच्या हाती आहे असे जो मनापासून मानतो, त्याला माणसांची संख्या मोजण्याची किंवा कोणावर दबाव आणण्याची गरज उरत नाही.

कॅथलिक चर्चमध्ये असाच मोठा बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या महासभेने घडवला. १९६५ मध्येच परिषदेने तीन गोष्टी मान्य केल्या, ज्या एकत्र वाचल्या तरच त्यांचा अर्थ लागतो: चर्च स्वभावतःच मिशनरी आहे, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, आणि धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, कारण हे स्वातंत्र्य माणसाच्या प्रतिष्ठेतूनच येते. स्वतःचा काही दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे सद्बुद्धीला अनुसरून जगतात, त्यांचेही तारण होऊ शकते, असेही परिषदेने सांगितले. मग सुवार्ता सांगायची कशासाठी, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला आणि तो अजून पूर्णपणे मिटलेला नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही, हे बहुतेक ख्रिस्ती विचारवंतांचे उत्तर आहे. नरकाच्या भीतीची जागा इथे कृतज्ञतेने घेतली. पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्ये, आजचा माणूस शिक्षकापेक्षा साक्षीदाराचे अधिक ऐकतो, असा विचार मांडला. सोळावे बेनेडिक्ट आणि त्यांच्यानंतर फ्रान्सिस यांनी, चर्च वाढते ते आकर्षणाने, लोकांना ओढून आणण्याने नव्हे, याचा वारंवार पुनरुच्चार केला.

इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांनी, म्हणजे बायबलचा अधिकार आणि प्रत्येकाचा व्यक्तिगत पश्चात्ताप यांवर विशेष भर देणाऱ्यांनी, १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे अमेरिकन प्रचारक बिली ग्रॅहम यांच्या पुढाकाराने परिषद भरवली. तेथे इंग्रज धर्मगुरू जॉन स्टॉट यांच्या मार्गदर्शनाखाली जो करार तयार झाला त्यात सुवार्ताप्रसाराची निकड ठासून सांगितली असली, तरी सामाजिक न्यायाकडे आपण दुर्लक्ष केले याबद्दल पश्चात्तापही नोंदवला आहे. या वळणामागे रेने पादिया आणि सॅम्युएल एस्कोबार या लॅटिन अमेरिकन विचारवंतांचा मोठा वाटा होता. दारिद्र्य आणि हुकूमशाहीच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला फक्त परलोकाचे सांगणे त्यांना अपुरे वाटत होते.

या सर्व प्रवाहांचा संगम २८ जून २०११ रोजी जिनिव्हा येथे प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या दस्तऐवजात दिसतो. व्हॅटिकनचा आंतरधर्मीय संवाद विभाग, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स या एरवी अनेक बाबतींत मतभेद असलेल्या संस्थांनी पाच वर्षांच्या चर्चेनंतर बहुधर्मी जगात साक्ष कशी द्यावी याविषयी आचाराच्या शिफारशी एकमताने मांडल्या, आणि जगातील बहुसंख्य ख्रिस्ती लोक या तिन्ही संस्थांच्या कक्षेत येत असल्याने त्यांचे महत्त्व असाधारण आहे. सुवार्ता सांगणे हे कर्तव्य आहे, असे म्हणून थांबण्याऐवजी हा दस्तऐवज साधनांची छाननी करतो: लोकांच्या दारिद्र्याचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन केलेली सेवा त्याला मान्य नाही, पैशाचे वा सुविधांचे आमिष त्याज्य आहे, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना त्यांच्या असहायतेचा गैरवापर होऊ नये, इतर धर्मांविषयी खोटे वा अपमानकारक बोलू नये, आणि ज्याला धर्म बदलावासा वाटतो त्याला विचार करण्यास व तयारीस पुरेसा वेळ मिळावा. रोगमुक्तीच्या जाहीर सभा आणि समाजमाध्यमांवरील चमत्कारांच्या चित्रफिती यांच्या काळात यातील प्रत्येक शिफारस नेमक्या ठिकाणी बोट ठेवते, आणि ती अनेक मंडळ्यांपर्यंत अजून पोहोचलेली नाही ही चिंतेची बाब आहे, कारण एका उतावळ्या प्रचारकाच्या वागण्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या शेजारधर्म सांभाळणाऱ्या साध्या ख्रिस्ती कुटुंबांना मोजावी लागते.

भारतात या विषयाला कायद्याचीही चौकट आहे. घटनासमितीत डिसेंबर १९४८ मध्ये ‘प्रचार’ या शब्दावर चर्चा झाली तेव्हा काही सदस्यांनी तो वगळावा असे सुचवले. ख्रिस्ती समाज प्रचाराला आपल्या धर्माचे अंग मानतो, हे लक्षात घेऊन कन्हैयालाल मुनशींसारख्यांनी त्याचे समर्थन केले आणि तो शब्द आजच्या अनुच्छेद २५ मध्ये राहिला. १९७७ च्या स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क कोणालाही नाही. बळ, फसवणूक आणि आमिष यांना मनाई करणारे कायदे ओडिशाने १९६७ मध्ये व त्यानंतर अनेक राज्यांनी केले. त्यांच्या मूळ हेतूशी ख्रिस्ती धर्मशास्त्राचा विरोध असण्याचे कारण नाही, मात्र आमिषाची व्याख्या फार रुंद केली आणि धर्म बदलण्यापूर्वी अधिकाऱ्याला कळवण्याची सक्ती केली की माणसाची सदसद्‌विवेकबुद्धीच शासनाच्या परवानगीवर अवलंबून राहते, हा चर्चचा आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे. ऐकणाऱ्याला नकाराचा अधिकार असेल तर होकाराचाही असलाच पाहिजे.

प्रत्यक्षात आज सुवार्ता कोण सांगतो, याचे चित्रही पालटले आहे. १९०० च्या सुमारास बहुसंख्य ख्रिस्ती लोक युरोप आणि उत्तर अमेरिकेत राहत होते. आता ते आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत आहेत, आणि मिशनरी पाठवणारे अनेक देशही त्यांच्यात मोडतात. मिझोरममध्ये गृहिणी प्रत्येक वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवतात आणि त्याच्या विक्रीतून मंडळी आपल्या सेवकांना देशाच्या इतर भागांत पाठवते. ही ‘बुहफाइ थाम’ची प्रथा शंभराहून अधिक वर्षांची आहे. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले, वसईचे पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठीच्या हरित वसई चळवळीत झुंडशाहीला तोंड दिले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. त्यांच्या आयुष्यात पाण्यासाठीचा लढा आणि वेदीवरील प्रवचन यांत फारकत नव्हती. अरविंद निर्मळ यांच्यासारख्या धर्मपंडितांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या दलित ईशज्ञानाने, म्हणजे दलितांच्या अनुभवातून केलेल्या ख्रिस्ती धर्मचिंतनाने, मात्र चर्चला अधिक बोचरा प्रश्न विचारला: ज्या मंडळीत जात पाहून सोयरीक जुळते आणि काही ठिकाणी दफनभूमीही वेगळी असते, तिने समतेची सुवार्ता बाहेर कोणत्या तोंडाने सांगावी? म्हणून स्वतःच्या मंडळीला सुवार्ता सांगणे, हेही आता मिशनच्या व्याख्येत येते.

बाप्तिस्मा न घेता ख्रिस्तभक्त राहता येते का, हा टिळकांनी साताऱ्यात उभा केलेला प्रश्न दुसऱ्याच प्रदेशात पुन्हा जिवंत झाला आहे. वाराणसीजवळच्या मातृधाम या कॅथलिक आश्रमात १९९० च्या दशकापासून हजारो स्त्री-पुरुष प्रार्थनेसाठी येतात. त्यांतील बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही, ते आपल्या घरात आणि जातिबांधवांत पूर्वीप्रमाणेच राहतात, आणि स्वतःला ख्रिस्तभक्त म्हणवतात. बाप्तिस्मा महान आज्ञेतच सांगितलेला असल्याने तो अनिश्चित काळ लांबणीवर टाकता येईल का, असे काही धर्मपंडित विचारतात. इतर काही जण म्हणतात की बोलावणे देवाचे आहे आणि त्याची घाई माणसाने करू नये. आश्रमातील धर्मगुरू प्रवचन करतात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात आणि बाप्तिस्म्याचा निर्णय येणाऱ्यावर सोडतात.